मॅमोग्रामआधी विम्याचा कायदा समजून घ्या: अमेरिकेतल्या मराठी बायकांसाठी

"मॅमोग्राम फुकट असतो म्हणाले होते, मग हे बिल कसलं?" मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे; अमेरिकेत राहणाऱ्या मैत्रिणींच्या गप्पांत त्याबद्दल हा प्रश्न वारंवार येतो आणि उत्तरं कधीच जुळत नाहीत. एकीला एक डॉलरही पडलेला नसतो, दुसरीला सोनोग्राफीचं चांगलं घसघशीत बिल आलेलं असतं. दोघी न्यू जर्सीत, दोघींच्या पर्समध्ये एकाच विमा कंपनीचं कार्ड. तरी दोघींचंही म्हणणं खरं असतं, कारण दोघींच्या प्लॅनला लागू होणारे कायदे वेगळे आहेत.

अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरची तपासणी आणि उपचार यांबाबत विमा कंपनीने काय द्यायचं, हे काही अंशी वॉशिंग्टनचा म्हणजे फेडरल कायदा ठरवतो आणि बरंचसं प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. राज्यांचे कायदे चांगले आहेत. बायकांनी, पेशंटच्या संघटनांनी झगडून ते करून घेतले आहेत. पण तुमच्या राज्याचा कायदा तुमच्या प्लॅनला लागू होतोच असं नाही, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: तुमचा प्लॅन कोणाच्या कायद्याखाली येतो ते शोधा

नोकरीतून मिळणारे प्लॅन दोन प्रकारचे असतात. पहिल्यात तुमची कंपनी विमा कंपनीला प्रीमियम भरते आणि खर्चाची जोखीम विमा कंपनी घेते. याला फुली इन्शुअर्ड म्हणतात, आणि यावर राज्याच्या विमा खात्याची सत्ता चालते. दुसऱ्यात तुमचा दवाखान्याचा खर्च तुमची कंपनी स्वतःच्या पैशातून देते. विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते, क्लेम निकालात काढते आणि कार्डावर आपलं नाव छापते. हा सेल्फ-फंडेड प्लॅन. १९७४ च्या एरिसा या फेडरल कायद्यामुळे राज्यांचे विमा कायदे अशा प्लॅनला बांधून ठेवू शकत नाहीत.

नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक सेल्फ-फंडेड प्लॅनमध्ये आहेत. मोठ्या आयटी कंपन्या, बँका, औषध कंपन्या यांचे प्लॅन बहुधा असेच असतात, म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरांचे. छोट्या कन्सल्टन्सीत काम करणाऱ्यांनी आपला प्लॅन इन्शुअर्ड असेल असं गृहीत धरू नये. छोट्या कंपन्यांना हल्ली 'लेव्हल-फंडेड' नावाचे प्लॅन विकले जातात आणि कायद्याच्या दृष्टीने तेही साधारणपणे सेल्फ-फंडेडच असतात.

ओळखायचं कसं? कार्ड उलटून बारीक अक्षरं वाचा. 'अॅडमिनिस्टर्ड बाय' किंवा 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिसेस ओन्ली' असं लिहिलं असेल तर प्लॅन सेल्फ-फंडेड. 'इन्शुअर्ड बाय' किंवा 'अंडररिटन बाय' असेल तर फुली इन्शुअर्ड. टेक्सासमध्ये हे सोपं आहे: राज्याच्या नियंत्रणाखालच्या प्लॅनच्या कार्डावर टीडीआय किंवा डीओआय ही अक्षरं छापलेली असतात. कार्डावरून कळलं नाही तर एचआरला ईमेल करून 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' मागा. ही पुस्तिका मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पैसे कोण देतं, याचा परिच्छेद तीत बहुधा शेवटच्या काही पानांत सापडतो. ईमेलमध्ये एकच प्रश्न सरळ विचारा: हा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड, आणि इन्शुअर्ड असेल तर पॉलिसी कोणत्या राज्यात काढलेली आहे? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

त्या प्रश्नाचा दुसरा भाग अनेकजणी विसरतात. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, पण कंपनीचं मुख्यालय टेक्सासमधल्या डॅलसला आहे आणि पॉलिसीही तिथेच काढलेली आहे. मग साधारणपणे टेक्सासचा कायदा लागू होतो, न्यू जर्सीचा नाही. घरून काम करणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं.

मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा बाजारातून, स्वतः घेतलेला प्लॅन राज्याच्या कायद्याखाली येतो. शॉर्ट-टर्म प्लॅन, 'हेल्थ शेअरिंग' योजना आणि व्हिजिटर इन्शुरन्स यांना पुढे सांगितलेलं बहुतेक काहीच लागू होत नाही.

पायरी २: फेडरल कायद्याने काय मिळतं ते आधी पक्कं करा

२०१० च्या अॅफोर्डेबल केअर अॅक्टमुळे चाळिशीपुढच्या बाईला स्क्रीनिंग मॅमोग्राम इन-नेटवर्क ठिकाणी (प्लॅनशी करार असलेल्या केंद्रात) कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) किंवा डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम) न भरता करता येतो. सेल्फ-फंडेड प्लॅनलाही हे बंधन आहे. सूट फक्त 'ग्रँडफादर्ड' म्हणजे २०१० च्या आधीपासून न बदललेल्या प्लॅनना, आणि ते आता थोडेच उरले आहेत. दोन वर्षांतून एकदा की दरवर्षी, यावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत. सरकारी तज्ज्ञगटाने एप्रिल २०२४ मध्ये ४० ते ७४ वयासाठी दर दोन वर्षांनी अशी शिफारस केली. बऱ्याच राज्यांचे कायदे मात्र दरवर्षीचा मॅमोग्राम धरतात. वर्षाच्या आत दुसरा करायचा असेल तर आधी विचारून घ्या. काही प्लॅन पुरते ३६५ दिवस मोजतात.

आजवर खरी गोम पुढे होती. मॅमोग्राममध्ये काही दिसलं की पुन्हा बोलावतात, सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात, कधी बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणी). पहिली तपासणी 'स्क्रीनिंग' म्हणून फुकट, पण परत बोलावलं की ती 'डायग्नोस्टिक' होते आणि डिडक्टिबल लागतं. बिलं येत होती ती इथूनच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बायकांच्या प्रतिबंधात्मक तपासण्यांच्या फेडरल मार्गदर्शक तत्त्वांत मोठा बदल झाला. स्क्रीनिंग पूर्ण करण्यासाठी पुढची इमेजिंग आणि पॅथॉलॉजीची तपासणी लागली तर तीही त्याच स्क्रीनिंगचा भाग मानायची आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षापासून हे लागू आहे. तुमचं प्लॅन-वर्ष जुलैत सुरू होत असेल तर जुलै २०२६ पासून. याच बदलात 'पेशंट नॅव्हिगेशन', म्हणजे अपॉइंटमेंट, कागदपत्रं, भाषा यांत मदत करणारी सेवाही आली आहे.

या तरतुदीची मर्यादाही माहीत हवी. ती सर्वसाधारण जोखीम असलेल्या बाईच्या स्क्रीनिंगसाठी आहे. हाताला गाठ लागली म्हणून तुम्ही गेलात तर ते स्क्रीनिंग नव्हे. आईला आणि मावशीला कॅन्सर झालेला आहे, जनुकीय दोष सापडला आहे, म्हणून दरवर्षी एमआरआय हवा असेल तर तिथेही ही तरतूद पुरेशी नाही. त्या दोन्ही ठिकाणी राज्याचा कायदा कामाला येतो.

पायरी ३: आपल्या राज्याचा कायदा काय म्हणतो

सगळी पन्नास राज्यं इथे मांडत नाही. मराठी घरं जिथे बरीच आहेत तिथली काही घेते.

*न्यू जर्सी.* चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राम, आणि घराण्यात इतिहास किंवा इतर जोखीम असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, चाळिशीआधीही. जानेवारी २०१४ मध्ये सही झालेल्या कायद्याने पुढची तपासणीही प्लॅनमध्ये आली: सोनोग्राफी, एमआरआय, थ्री-डी मॅमोग्राफी. त्यासाठी मॅमोग्राममध्ये स्तनाची ऊती अतिशय दाट दिसायला हवी, किंवा मॅमोग्राम अॅबनॉर्मल यायला हवा, किंवा कौटुंबिक इतिहास, स्वतःचा पूर्वीचा कॅन्सर, जनुकीय चाचणी यांसारखी जोखीम असायला हवी. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही तपासणी गरजेची आहे का, हे पाहण्याची मुभा कायद्याने विमा कंपनीला दिली आहे. म्हणून डॉक्टरच्या ऑर्डरमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि प्लॅनमध्ये असणं म्हणजे मोफत असणं नव्हे. डिडक्टिबल लागू शकतं.

*न्यूयॉर्क.* इथला कायदा सगळ्यांत भक्कम कायद्यांपैकी एक. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या आणि जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने मॅमोग्राम, सोनोग्राफी आणि एमआरआय, स्क्रीनिंग असो वा डायग्नोस्टिक, पेशंटला पैसे न पडता द्यायचे असं ठरलं. ३५ ते ३९ वयात पायाभूत मॅमोग्राम एकदा मिळतो. २०१९ च्या 'शॅननच्या कायद्या'ने, डॉक्टरने शिफारस केली तर, मोठ्या गटांच्या पॉलिसींत या वयाच्या बायकांना दरवर्षी मॅमोग्राम मिळू लागला.

*पेन्सिल्व्हेनिया.* मे २०२३ मध्ये गव्हर्नर शपिरो यांनी सही केलेला त्या वर्षीचा पहिलाच कायदा. जास्त जोखीम असलेल्या बायकांना एमआरआय आणि सोनोग्राफी, तसंच बीआरसीए जनुकांसाठी (यांतल्या दोषाने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरची जोखीम वाढते) समुपदेशन आणि चाचणी, खिशातून पैसे न जाता. वर सांगितलेली फेडरल तरतूद जिथे थांबते, तिथून हा पुढे जातो.

*टेक्सास.* पस्तिशीपासून दरवर्षी मॅमोग्राम. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने डायग्नोस्टिक इमेजिंगला स्क्रीनिंगपेक्षा कमी लाभ देता येत नाही. म्हणजे स्क्रीनिंग फुकट असेल तर परत बोलावल्यावरचा मॅमोग्रामही त्याच अटींवर. गाठ लागलेल्या बाईला याचा मोठा आधार आहे.

*कनेक्टिकट.* इथे मराठी वस्ती तुलनेने कमी, पण हे राज्य वगळून हा विषय सांगता येत नाही. नॅन्सी कपेलो यांचे मॅमोग्राम वर्षानुवर्षं नॉर्मल येत होते. २००४ मध्ये त्यांचा कॅन्सर सापडला तेव्हा तो पुढच्या टप्प्यात गेलेला होता. दाट ऊतीआड तो मॅमोग्राममध्ये दिसलाच नव्हता, आणि आपली ऊती दाट आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दाट स्तनांसाठी सोनोग्राफी विम्यात आणणारा कायदा तिथे २००५ मध्ये झाला. दाटपणाची माहिती पेशंटला कळवलीच पाहिजे हा देशातला पहिला कायदा २००९ मध्ये तिथेच झाला, आणि त्यामागे कपेलोबाईंचा पाठपुरावा होता. मग एकेक राज्य मागोमाग आलं. शेवटी एफडीएचा, म्हणजे फेडरल अन्न व औषध खात्याचा, नियम झाला आणि १० सप्टेंबर २०२४ पासून देशातल्या प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला ही माहिती लेखी देणं बंधनकारक झालं. २०१८ मध्ये त्या गेल्या. हा नियम त्यांना पाहायला मिळाला नाही याची मला फार हळहळ वाटते.

तुमचं राज्य वर नसेल तर राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर 'मँडेटेड बेनिफिट्स'ची यादी शोधा. वाचताना तीन गोष्टी पाहा: कोणत्या वयापासून, कोणत्या तपासण्या, आणि पेशंटवर किती खर्च.

एचएसए, म्हणजे दवाखान्याच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं, आणि त्यासोबतचा हाय डिडक्टिबल प्लॅन असलेल्यांना बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत वेगळं कलम लावलेलं असतं. डिडक्टिबलआधी प्लॅनने पैसे दिले तर एचएसएची पात्रता जाईल, ही त्यामागची भीती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयआरएस या फेडरल कर खात्याने खुलासा केला की ब्रेस्ट कॅन्सरचं निदान न झालेल्या व्यक्तीची एमआरआय, सोनोग्राफी अशी स्क्रीनिंगही प्रतिबंधात्मकच धरायची. त्यामुळे "एचएसए आहे म्हणून देता येत नाही" असं उत्तर स्क्रीनिंगच्या बाबतीत ऐकून घेऊ नका.

पायरी ४: आईकडचा आणि वडिलांकडचा इतिहास लिहून काढा

जास्त जोखीम असलेल्यांसाठीचे कायदे तुमच्या उपयोगी पडायचे तर जोखीम कागदावर दिसायला हवी. डॉक्टरने विचारलं की आपण आई आणि मावशीचं सांगतो. आत्या आणि वडिलांची आई राहूनच जाते. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या नातलगांत कोणाला स्तनाचा, बीजांडकोशाचा, स्वादुपिंडाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आणि कोणत्या वयात, हे लिहून काढा.

आपल्याकडे हे उघड बोललं जात नाही. "तिला गर्भाशयाचं काहीतरी होतं", "गाठ काढली होती", एवढंच कळतं. फोन करून नीट विचारा. घरातल्या मोठ्यांना शांतपणे सांगा की हे पुढच्या मुलींसाठी हवंय. बहुतेकजणी मग सांगतात. ऑपरेशन भारतात झालं असेल तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवा. भारतात हा आजार अमेरिकेपेक्षा सरासरीने कमी वयात दिसतो, म्हणून चाळिशीची वाट न पाहता तिशीतच डॉक्टरांकडून जोखमीचं गणित मांडून घ्यावं. टायरर-क्यूझिकसारख्या मॉडेलने आयुष्यभराची जोखीम २० टक्के किंवा जास्त निघाली की अमेरिकन कॅन्सर सोसायटी दरवर्षी मॅमोग्रामसोबत एमआरआय सुचवते. तो आकडा डॉक्टरांच्या नोंदीत लिहिला जाईल असं पाहा. एमआरआयची परवानगी मागताना विमा कंपनी तोच शोधते.

जनुकीय चाचणी करण्याआधी एक विचार. २००८ च्या जीना कायद्यानुसार चाचणीच्या निकालावरून आरोग्य विमा आणि नोकरी यांत भेदभाव करता येत नाही. आयुर्विमा, डिसॅबिलिटी आणि लाँग-टर्म केअर विम्याला मात्र तो लागू नाही. टर्म इन्शुरन्स घ्यायचाच असेल तर चाचणीआधी घेतलेला बरा, असं माझं मत आहे.

पायरी ५: अपॉइंटमेंटआधीचा फोन

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. आधी डॉक्टरांच्या ऑफिसातून ऑर्डरवरचे कोड मागून घ्या. तपासणीचा कोड पाच आकडी असतो. दोन्ही बाजूंच्या स्क्रीनिंग मॅमोग्रामचा ७७०६७, त्यासोबतच्या थ्री-डीचा ७७०६३. डायग्नोस्टिक मॅमोग्राम दोन्ही बाजूंचा ७७०६६, एका बाजूचा ७७०६५. सोनोग्राफीचे ७६६४१ आणि ७६६४२, दोन्ही बाजूंच्या काँट्रास्ट एमआरआयचा ७७०४९. यासोबत कारणाचा कोड असतो. झेड १२.३१ म्हणजे नेहमीचं स्क्रीनिंग. झेड ८०.३ म्हणजे घराण्यात ब्रेस्ट कॅन्सरचा इतिहास. एन ६३ ने सुरू होणारा म्हणजे गाठ.

यंत्र तेच, खोली तीच, पण ७७०६७ च्या जागी ७७०६६ पडला की क्लेम वेगळ्या वाटेने जातो. म्हणून कार्डामागच्या नंबरावर फोन करून विचारा:

– माझ्या प्लॅनमध्ये हा कोड, या कारणासाठी, बसतो का?
– या केंद्रात तो इन-नेटवर्क आहे का? रिपोर्ट वाचणारा रेडिऑलॉजिस्टसुद्धा?
– डिडक्टिबल, कोपे, कोइन्शुरन्स (खर्चातला टक्केवारीने माझ्यावर येणारा वाटा) धरून माझ्या खिशातून किती जातील?
– आधी परवानगी लागते का? ती कोण मागणार?
– परत बोलावलं आणि सोनोग्राफी किंवा बायॉप्सी झाली तर ती २०२६ च्या तरतुदीखाली स्क्रीनिंगचा भाग धरणार का?

शेवटी बोलणाऱ्या माणसाचं नाव, तारीख आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. प्लॅनच्या पोर्टलवरून तेच प्रश्न लेखी पाठवता आले तर अधिक चांगलं, कारण पुढे अपील करायची वेळ आली तर हाच कागद दाखवता येतो.

भारतात पूर्वी मॅमोग्राम झाला असेल तर त्याची सीडी केंद्राला आधीच नेऊन द्या. जुन्या चित्रांशी तुलना करता आली की उगाच परत बोलावणं कमी होतं. आई किंवा सासूबाईंना इंग्रजी जमत नसेल तर मराठी दुभाषी मागा. फेडरल मदत घेणाऱ्या हॉस्पिटलांना ही सेवा मोफत द्यावी लागते, फोनवरून का होईना. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवून छातीतल्या दुखण्याबद्दल मोकळं बोलणं कोणत्याही बाईला अवघडच जातं.

पायरी ६: रिपोर्ट आला की

पत्रात ऊती दाट आहे की नाही हे लिहिलेलं असेल. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांची ऊती दाट असते, तेव्हा वाचून घाबरू नका. डॉक्टरांना विचारा: 'ए' ते 'डी' या चार प्रकारांपैकी माझा कोणता, आणि माझी एकूण जोखीम पाहता पुढची तपासणी हवी का? 'सी' आणि 'डी' हे दाट प्रकार. न्यू जर्सीसारख्या राज्यात 'डी', म्हणजे अतिशय दाट, हा शब्द रिपोर्टात असणं विम्यासाठीही महत्त्वाचं आहे.

परत बोलावलं तर जाच. खर्चाच्या भीतीने ही अपॉइंटमेंट पुढे ढकलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हे सगळे कायदे झाले ते हीच भीती घालवायला. परत बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतो, आणि ज्यांना असतो त्यांच्यासाठी ते काही आठवडे मोलाचे असतात.

पायरी ७: बिल आणि अपील

आधी 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' येतं, ते बिल नव्हे. त्यातला 'पेशंटची जबाबदारी' हा रकाना आणि कोड तुमच्या ऑर्डरशी ताडून पाहा. जुळत नसेल तर पैसे भरायच्या आधी केंद्राच्या बिलिंग विभागाला फोन करा. चुकीचा कोड पडला असेल तर ते दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवू शकतात, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

कोड बरोबर आणि तरी नकार आला तर अपील. नकार मिळाल्यापासून तुम्हाला १८० दिवस असतात. तपासणी अजून व्हायची असेल तर प्लॅनने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, झाली असेल तर ६० दिवसांत, तातडीची असेल तर ७२ तासांत. पत्र छोटं आणि कोरडं ठेवा. कोणती सेवा, कोणती तारीख, नकाराचं त्यांनी दिलेलं कारण, आणि ते का चूक आहे. फुली इन्शुअर्ड प्लॅन असेल तर राज्याच्या कायद्याचा उल्लेख करा. सेल्फ-फंडेड असेल तर राज्याचा कायदा लिहून उपयोग नाही. तिथे फेडरल प्रतिबंधात्मक सेवांची तरतूद आणि तुमच्या पुस्तिकेतलं कलम द्या. सोबत डॉक्टरांचं 'मेडिकल नेसेसिटी'चं पत्र जोडा.

तिथेही नकार आला आणि वाद वैद्यकीय गरजेचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून पुनरावलोकन मागता येतं. त्याचा निर्णय प्लॅनवर बंधनकारक असतो. कॅलिफोर्नियात हा मार्ग मॅनेज्ड हेल्थ केअर विभागाकडून किंवा विमा विभागाकडून जातो, न्यूयॉर्कमध्ये फायनान्शियल सर्व्हिसेस विभागाकडून, न्यू जर्सीत बँकिंग अँड इन्शुरन्स विभागाकडून. सेल्फ-फंडेड प्लॅनबद्दलची तक्रार अमेरिकेच्या कामगार खात्याच्या एब्सा या शाखेकडे करायची. त्यांचा नंबर १-८६६-४४४-३२७२. तिथली माणसं मोफत सल्ला देतात आणि प्लॅनशी बोलतातही.

पायरी ८: निदान झालं तर

इथे थांबून एका कायद्याचं नाव पाठ करा: विमेन्स हेल्थ अँड कॅन्सर राइट्स अॅक्ट, १९९८. प्लॅन मॅस्टेक्टमीचा (स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) खर्च देत असेल तर काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेचे सगळे टप्पे, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया, कृत्रिम स्तन, आणि हाताला येणाऱ्या सुजेसह इतर त्रासांवरचे उपचार त्याला द्यावेच लागतात. सेल्फ-फंडेड प्लॅनही यात येतात. "ते कॉस्मेटिक आहे" हे कारण इथे चालत नाही. पुनर्रचना लगेच करायची की पुढे, की करायचीच नाही, हा तुमचा निर्णय आहे.

बाकीचं राज्यावर. न्यू जर्सीत मॉडिफाइड रॅडिकल (काखेतल्या लसिकाग्रंथींसह) मॅस्टेक्टमीनंतर किमान ७२ तास आणि साध्या मॅस्टेक्टमीनंतर किमान ४८ तास हॉस्पिटलात राहण्याचा खर्च द्यावा लागतो. टेक्सासमध्ये मॅस्टेक्टमीनंतर ४८ तास, लसिकाग्रंथी काढल्यावर २४ तास. गोळ्यांच्या केमोला सलाइनमधून दिलेल्या केमोसारखेच लाभ द्यायचे, हा कायदा ओरेगनने २००७ मध्ये पहिल्यांदा केला आणि आता चाळीसहून अधिक राज्यांत आहे. कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी लिहून दिली असेल तर याची चौकशी करा.

वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना बीजं गोठवण्याबद्दल विचारा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, कनेक्टिकट यांसह अनेक राज्यांत याचा खर्च विम्यात आहे. केमो सुरू झाल्यावर ही संधी राहीलच असं नाही, आणि घाईगर्दीत हा विषय सगळेच विसरतात. केस गळू नयेत म्हणून डोकं थंड ठेवण्याच्या उपचाराला विम्यात आणणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, १ जानेवारी २०२६ पासून. केसांच्या टोपासाठी प्रिस्क्रिप्शनवर 'क्रेनियल प्रोस्थेसिस' असं लिहून घ्या. तशा नावाने दिला तर काही प्लॅन पैसे देतात.

नोकरी, व्हिसा आणि आई-बाबा

उपचार चालू असताना नोकरी गेली तर २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून कोब्रा या फेडरल कायद्याखाली साधारण १८ महिने तोच प्लॅन चालू ठेवता येतो. निवडायला ६० दिवस मिळतात आणि निवडल्यावर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. प्रीमियम पूर्ण तुमचा, म्हणजे जड. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यांमुळे राज्याखालच्या प्लॅनला हीच मुदत ३६ महिन्यांपर्यंत जाऊ शकते. एच-१बीवर असणाऱ्यांसाठी नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी ६० दिवसांपर्यंतची मुदत आणि ६० दिवसांची कोब्राची मुदत ही दोन वेगळी घड्याळं आहेत. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. एच-१बी किंवा एच-४ वर मार्केटप्लेसचा प्लॅनही घेता येतो, फक्त २०२७ पासून बहुतेक व्हिसाधारकांना प्रीमियमवरची सवलत मिळणार नाही.

विमाच नसेल किंवा अपुरा असेल आणि उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांपर्यंत (काही राज्यांत त्याहून कमी) असेल तर सीडीसी या फेडरल आरोग्य संस्थेच्या पैशातून चालणारा तपासणी कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे. न्यू जर्सीत त्याचं नाव एनजेसीड, न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर सर्व्हिसेस प्रोग्रॅम, कॅलिफोर्नियात एव्हरी वुमन काउंट्स. यातून कॅन्सर सापडला तर २००० च्या कायद्यामुळे उपचारांसाठी मेडिकेडचा (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचा) मार्ग खुला होऊ शकतो, पण तिथे तुमचा इमिग्रेशनचा दर्जा पाहिला जातो.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचं वेगळं. व्हिजिटर इन्शुरन्स स्क्रीनिंग मॅमोग्रामचे पैसे देत नाही आणि आधीपासूनच्या आजारांवर कडक मर्यादा घालतो. तिचा मॅमोग्राम भारतातून निघण्याआधी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत तिकीट काढू नका. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिलेल्या आणि ६५ पूर्ण झालेल्या आईला पैसे भरून मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा घेता येतो. त्यात दरवर्षीचा स्क्रीनिंग मॅमोग्राम मोफत आहे, पण डायग्नोस्टिकला पार्ट बीचं (डॉक्टर आणि तपासण्यांच्या भागाचं) डिडक्टिबल आणि त्यावर २० टक्के द्यावे लागतात. मूळ मेडिकेअरला राज्यांचे हे कायदे लागत नाहीत, म्हणून तो वाटा भरून काढणारा पूरक मेडिगॅप प्लॅन सोबत घ्यायचा का, हे पार्ट बी सुरू होतानाच ठरवा. त्या पहिल्या सहा महिन्यांत विमा कंपनी तब्येतीच्या कारणाने मेडिगॅप नाकारू शकत नाही.